तेरा हजार माणसांचा जिल्हा आणि त्याची लाकडी कचेरी

पाऊलखुणा (धागाकर्ती)

ऑक्टोबरात आम्ही कॅलिफोर्नियातलं बोडी, सोन्याच्या खाणीचं ओस पडलेलं गाव, बघायला गेलो होतो. सोनोरा खिंड उतरून ३९५ महामार्गाला लागलो आणि थोड्या वेळाने ब्रिजपोर्ट आलं. गाव म्हणजे महामार्गाचाच एक तुकडा. दोन-चार खाणावळी, पेट्रोल पंप, मासे धरायच्या सामानाचं दुकान, मागे गुरांची कुरणं आणि त्यामागे करवतीच्या दात्यांसारखे डोंगर. या सगळ्यात रस्त्याला लागूनच एक पांढरी दुमजली लाकडी इमारत उभी आहे. पांढऱ्या पातळाला तांबडे काठ असावेत तशा तिच्या कडा रंगवलेल्या आणि वर छोटा मनोरा.

मला ते संग्रहालय वाटलं. जवळ गेले तर दाराशी पुढच्या सभेची कार्यक्रमपत्रिका लावलेली. हे मोनो कौंटीचं, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचं, न्यायालय आणि कचेरी. १८८० साली बांधलेली, १८८१ पासून वापरात असलेली आणि आजही चालू.

घरी येऊन वाचत बसले. २०२० च्या जनगणनेत मोनो कौंटीची लोकसंख्या १३,१९५. क्षेत्रफळ आठ हजार चौरस किलोमीटरांच्या वर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्गाच्या साधारण दीडपट. सिंधुदुर्गात २०११ साली साडेआठ लाखांच्या आसपास माणसं होती. आणि इथे तेरा हजारांसाठी पाच जणांचं निवडून आलेलं मंडळ, शेरीफ, सरकारी वकील, मालमत्तेचं मूल्यांकन करणारा अधिकारी, दोन न्यायाधीश!

माझा प्रश्न मनापासूनचा आहे. एवढ्या थोड्या लोकांसाठी एवढा कारभार असावा का? की शेजारच्या दोन-तीन कौंट्या मिळून एकच करावी? इमारत बघून मला वाटलं की असावा. पण ते नुसतं इमारतीच्या प्रेमात पडणं असेल, म्हणून तुम्हाला विचारते.

शेंगाचटणी

वाचतेय. फोटो टाका ना ताई.

गावगाडा

मी तहसील कचेरीत एकतीस वर्षं काढली, म्हणून थोडं कडक बोलतो. तेरा हजार म्हणजे आमच्याकडचं एक मोठं गाव. तिथे ग्रामपंचायत असते, सरपंच असतो, ग्रामसेवक आणि तलाठी असतात, बस. त्यांना स्वतंत्र न्यायाधीश आणि सरकारी वकील द्यायचे म्हणजे पगार, निवृत्तिवेतन, इमारतीची डागडुजी हे सगळं आलं. लाकडी इमारतीचा खर्च दगडी इमारतीपेक्षा जास्त, छप्पर दर काही वर्षांनी मागतंच. हा पैसा कुठून येतो ते आधी सांगा, मग सौंदर्याचं बोलू.

खिंडीपल्याड

गेली बारा वर्षं शेजारच्या नेवाडा राज्यातल्या रीनोत राहतो, कामानिमित्त महिन्यातून एकदा तरी ३९५ वरून जातो. या कचेरीची गोष्ट मोठी आहे, थोडं सविस्तर लिहितो.

मोनो कौंटी १८६१ साली झाली. मुख्य ठाणं होतं ऑरोरा नावाचं खाणीचं गाव. तेव्हा कॅलिफोर्निया आणि नेवाडा यांची हद्द त्या डोंगरांत कुणी नीट मोजलेलीच नव्हती. कॅलिफोर्निया म्हणे ऑरोरा आमचं, नेवाडा म्हणे आमचं. नेवाडाने तर तेच गाव आपल्या एस्मेराल्डा कौंटीचंही ठाणं केलं! १८६३ च्या निवडणुकीत एकाच गावात दोन्हीकडच्या पदांसाठी मतदान झालं. मोजणी करणाऱ्यांनी साखळी टाकली तेव्हा कळलं की गाव नेवाडात काही मैल आत आहे. मग मोनोच्या अधिकाऱ्यांना गाशा गुंडाळावा लागला आणि १८६४ पासून ब्रिजपोर्ट ठाणं झालं.

आता एवढी सुंदर कचेरी १८८० मध्येच का? बोडीमुळे. १८७९-८० च्या सुमारास बोडीच्या सोन्याचा जोर शिगेला होता, तिथे हजारो माणसं राहत होती. लाकूड आणायला १८८१ साली मोनो मिल्सपासून बोडीपर्यंत खास रेल्वे टाकली. ती बाहेरच्या कुठल्याच रेल्वेला जोडलेली नव्हती. कौंटीच्या हातात तेव्हा पैसा खेळत होता, त्यातून ही इमारत उभी राहिली. पुढच्या काही वर्षांतच बोडी ओसरू लागली. आज बोडीत शंभराहून अधिक रिकामी घरं उभी आहेत, १९६२ पासून ते राज्याचं ऐतिहासिक उद्यान आहे. ऑरोरात तर जवळजवळ काहीच उरलं नाही.

म्हणजे जिच्या पैशाने कचेरी झाली ती बोडी गेली आणि कचेरी राहिली. मला त्या रस्त्याने जाताना दर वेळी हे आठवतं. कॅलिफोर्नियात सतत वापरात असलेल्या न्यायालयांत हिच्याहून जुनं एकच, मारिपोसाचं, १८५४ चं.

दुधीहलवा

ऑरोराचे लोक नशीबवान! आमच्या गल्लीत एका पक्षाचे उमेदवार फिरकायची मारामार, तिथे दोन राज्यांचे उमेदवार दारात. चहा किती वेळा प्यायला असेल.

मोहोर

@खिंडीपल्याड, फार छान लिहिलंत. पण एक गोष्ट राहून गेली आणि ती मला नेहमी सलते. १८६१ साली 'कौंटी झाली' म्हणतो तेव्हा ती जमीन रिकामी नव्हती. मोनो सरोवराकाठी कुत्झाडिका लोक कित्येक पिढ्या राहत होते. सरोवराच्या खारट पाण्यातल्या माश्यांचे कोष वाळवून ते खात, त्याचा व्यापारही करत. ब्रिजपोर्टच्या शेजारीच पायूट लोकांची वसाहत आजही आहे. आणि सरोवराकाठच्या कुत्झाडिकांना संघीय सरकारची मान्यता मिळावी म्हणून ते अजून झगडतायत. त्यांच्या लेखी ती पांढरी इमारत म्हणजे त्यांच्या जमिनीचे कागद दुसऱ्यांच्या नावे झाले ती जागा. मला इमारत आवडते, तरी हेही तितकंच खरं आहे.

खिंडीपल्याड

मोहोरताई, बरोबर आहे तुमचं. मी खाणवाल्यांच्या बाजूने सांगत गेलो.

भाडेकरू

मी मॅमथ लेक्समध्ये तीन हिवाळे काढलेत, स्कीच्या ठिकाणी स्वयंपाकघरात कामाला होतो. त्यामुळे वेगळं मत मांडतो.

कौंटीतलं एकमेव नगर म्हणजे मॅमथ लेक्स. १९८४ साली नगर झालं, २०२० मध्ये तिथे ७,१९१ माणसं. म्हणजे निम्म्याहून जास्त कौंटी एका गावात. आणि ठाणं कुठे, तर पन्नास मैलांवर ब्रिजपोर्टला, जिथे पाच-सहाशे लोक राहतात! जानेवारीत वारा सुटला, ३९५ वर बर्फ वाहायला लागलं की पन्नास मैल म्हणजे अर्धा दिवस. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका मेक्सिकन बाईला एका कागदासाठी दोनदा तिकडे जावं लागलं होतं, दोन दिवसांची मजुरी बुडाली. तेव्हा तिला त्या मनोऱ्याचं कौतुक नव्हतं.

म्हणूनच २०११ मध्ये मॅमथला नवं न्यायालय झालं आणि २०२० च्या सुमारास कौंटीची मोठी कार्यालयंही तिथल्या नव्या इमारतीत आली. पाऊलखुणा, तुम्ही पाहिलीत ती कचेरी चालू आहे, पण बरंचसं काम आता मॅमथमध्ये होतं. जिथे माणसं तिथे कचेरी, असं माझं सरळ मत.

गावगाडा

भाडेकरू, +१. मजुरी बुडवून खेपा घालणारी माणसं मी खिडकीच्या या बाजूने बघितली आहेत. पण माझ्या पैशाच्या प्रश्नाला अजून कुणी हात घातला नाही.

खिंडीपल्याड

घालतो, गावगाडाकाका. तिथल्या जमिनीपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त सार्वजनिक मालकीची आहे. मुख्यतः संघीय सरकारची वनं आणि कुरणं, शिवाय लॉस एंजेलिस शहराच्या मालकीचीही. सरकारी जमिनीवर मालमत्ता कर लागत नाही. तो तोटा थोडा भरून निघावा म्हणून १९७६ च्या कायद्याने संघीय सरकार करांऐवजी काही रक्कम देतं. बाकी भिस्त पर्यटकांवर, हॉटेलांच्या खोल्यांवरचा कर आणि मॅमथमधल्या घरांवरचा मालमत्ता कर.

न्यायालयाचा खर्च मात्र आता कौंटीवर नाही. १९९७ च्या कायद्याने कॅलिफोर्नियात न्यायालयं चालवायचा खर्च राज्याने उचलला आणि २००२ च्या कायद्यानंतर इमारतींची जबाबदारीही हळूहळू राज्याकडे गेली. तेव्हा न्यायाधीशांचा पगार तेरा हजार माणसं देत नाहीत.

दीपमाळ

छोट्या ठिकाणाचा धोकाही मोठा असतो बरं का. मॅमथ लेक्स नगराने विमानतळाजवळच्या जमिनीवरून एका विकासकाशी केलेला करार मोडला. २००८ मध्ये ज्यूरीने तीन कोटी डॉलर भरपाई ठरवली, व्याज आणि वकिलांचा खर्च धरून ती चार कोटींच्या वर गेली. सात-आठ हजार लोकांचं नगर! २०१२ च्या जुलैत त्यांना दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. पुढे तडजोड झाली आणि हप्ते ठरले. मोठ्या शहराला असा फटका पचतो. छोट्या गावात बर्फ काढणाऱ्या गाडीपासून पोलिसांपर्यंत सगळ्याला कात्री लागते. म्हणून एकत्रीकरणाचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही.

कातळ

मी सिंधुदुर्गातला. १९८१ साली रत्नागिरी तोडून आमचा जिल्हा झाला तेव्हा मी शाळेत होतो. त्याआधी जिल्ह्याचं काम निघालं की वडील रत्नागिरीला मुक्कामाला जायचे. पिशवीत दोन दिवसांची भाकरी आणि कागदांचं बाड. निकाल काय लागला ते मला आता आठवत नाही, पण ते बाड आईने पावसात भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या खताच्या पिशवीत गुंडाळलेलं असायचं, ते डोळ्यांसमोर आहे.

उच्च न्यायालयाचं काम असलं तर मुंबई. कोल्हापूरला खंडपीठ हवं म्हणून वकिलांनी आणि पक्षकारांनी चाळीसेक वर्षं मागणी लावून धरली. १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच सुरू झालं, त्यात आमचा सिंधुदुर्गही आहे. वडील नाहीत आता बघायला.

म्हणून 'शेजारच्या कौंटीत मिळवून टाका' हे वाक्य मला सहज म्हणता येत नाही. मिळवून टाकलेल्यांच्या टोकाला कुणीतरी राहत असतं.

मोहोर

कातळदादा, 🙏

भाडेकरू

कातळ, तुमचं वाचून माझाच मुद्दा मला पुन्हा पटला, आणि त्याची दुसरी बाजूही कळली. मॅमथला सगळं हलवलं तर उत्तरेच्या टोकाच्या वॉकर, कोलव्हिलवाल्यांचं काय? त्यांना ब्रिजपोर्टच जवळ.

काळाकोट

धागा आज वाचला. मोनो कौंटीचं नाव बघून थांबलो, कारण वकिलीच्या अभ्यासात हे नाव माझ्यासमोर पहिल्यांदा आलं ते दिल्लीच्या निकालात. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मोनो सरोवराला मिळणारे ओढे १९४१ पासून लॉस एंजेलिस शहराने कालव्याकडे वळवले. परवानगी राज्यानेच दिलेली होती. सरोवराला बाहेर जायला वाट नाही. आत येणारं पाणी तुटलं, बाष्पीभवन चालू राहिलं. १९८२ पर्यंत पातळी पंचेचाळीस फूट खाली गेली, खारटपणा दुप्पट झाला. नेगिट बेटाला जमीन जोडली गेली आणि कोल्ह्यासारखे कायोटी चालत जाऊन पाणपक्ष्यांच्या घरट्यांपर्यंत पोचले.

१९७९ मध्ये पक्षिप्रेमी संस्था आणि स्थानिक लोक न्यायालयात गेले. दावा दाखल झाला तो याच मोनो कौंटीत. तिथून तो शेजारच्या अल्पाइन कौंटीच्या न्यायालयात गेला, आणि ती तर मोनोहून लहान, २०२० मध्ये १,२०४ माणसं! १९८३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. नद्या, सरोवरं, किनारे हे सरकारकडे जनतेचे विश्वस्त म्हणून असतात, पाण्याचा परवाना एकदा दिला म्हणून ती जबाबदारी संपत नाही, पुन्हा तपासता येते. त्या निकालाच्या नावातच 'सुपीरियर कोर्ट ऑफ अल्पाइन कौंटी' आहे.

आता आपल्याकडे. हिमाचलात बियास नदीच्या पात्रालगत एका मोटेलसाठी जमीन दिली गेली होती आणि मोटेलवाल्यांनी नदीचा प्रवाहच वळवायचा घाट घातला होता. एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ, १३ डिसेंबर १९९६. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक विश्वस्ततेचं तत्त्व भारतीय कायद्याचा भाग आहे असं सांगितलं, आणि ते सांगताना मोनो सरोवराच्या निकालाचा आधार घेतला. पुढे २००९ साली गोव्यात दोना पावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्याकडे जाणारी लोकांची वाट एका हॉटेलाच्या आवारात अडली होती, तेव्हाही सर्वोच्च न्यायालयाने याच तत्त्वावर वाट मोकळी ठेवायला लावली.

पाऊलखुणाताई, तुमच्या प्रश्नाला माझं हे उत्तर. लोकसंख्येच्या हिशेबाने दोन्ही कौंट्या कधीच मोडीत निघायला हव्या होत्या. आणि गोव्याच्या किनाऱ्यावर जाळं खांद्यावर टाकून जाणाऱ्याची वाट ज्या विचाराने वाचली, त्याचे कागद आधी अशाच डोंगरातल्या दोन कचेऱ्यांत दाखल झाले होते.

शेंगाचटणी

काळाकोट, वायंगिणीची ती वाट मी चाललेय! माझं माहेर ताळगावचं. तिचा इतका लांबचा नातेवाईक असेल असं कधी वाटलं नव्हतं.

गावगाडा

काळाकोट साहेब, वाचून गप्प बसलो थोडा वेळ. तरी एक शंका विचारतो. तो दावा सॅन फ्रान्सिस्कोत दाखल केला असता तरी हाच निकाल लागला असता ना? मग छोट्या कचेरीचं श्रेय किती?

काळाकोट

काका, रास्त शंका. उलट अल्पाइनच्या न्यायालयात पक्षिप्रेमींच्या बाजूने कौल मिळालाच नव्हता, म्हणून तर वर जावं लागलं. श्रेय निकालाचं नाही म्हणत मी. पाणी कुठलं, मीठ कुठे साचतंय, कुठल्या बेटावर कोण पोचलं, हे रोज बघणारी माणसं ज्या कौंटीत राहतात तिथे दावा मांडता आला, एवढंच. आणि १९९४ साली राज्याच्या मंडळाने सरोवराची पातळी समुद्रसपाटीपासून ६,३९२ फुटांपर्यंत आणायचा आदेश दिला, ती आजही गाठलेली नाही. म्हणजे त्या माणसांचं काम अजून चालू आहे.

रानमेवा

अवांतर : अल्पाइन कौंटीची आणखी एक गोष्ट. १९७० साली तिथे पाचशेहून कमी लोक होते. लॉस एंजेलिसच्या समलिंगी हक्क चळवळीतल्या काही जणांनी हिशेब केला की काही शे माणसं तिथे राहायला गेली तर मतदानाच्या जोरावर आख्खी कौंटी आपली होईल. छळ न होता जगता येईल असं एक ठिकाण हवं होतं त्यांना. योजना जाहीर झाली, देशभर गाजली, तिथले रहिवासी हादरले. शेवटी कुणी गेलं नाही. पण विचार करा, मताला एवढी किंमत असलेली जागा किती असतील!

दुधीहलवा

म्हणजे आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला जमतात त्याहून थोडेच जास्त. अध्यक्षपदाची निवडणूक तिथेही गाजतेच.

दीपमाळ

मला निवडून येणाऱ्या शेरीफबद्दल बोलायचंय. कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेनुसारच शेरीफ, सरकारी वकील आणि मूल्यांकन अधिकारी लोकांनी निवडायचे असतात. मुंबईचा शेरीफ म्हणजे नगरपाल, ते मानाचं पद. इथला शेरीफ खरा पोलीसप्रमुख. पाच हजार मतांत निवडून यायचं असेल तर भावकी, ओळखी, रागलोभ सगळं येणार. गुन्हा नोंदवणारा उद्या मत मागायला येणार. मला बदलीवर येणारा, गावाशी नातं नसलेला अधिकारी बरा वाटतो.

कातळ

दीपमाळ, बदलीवर आलेल्याला आमच्या गावची पाणंद कुठली आणि व्हाळ कुठला हे कळेपर्यंत त्याची पुढची बदली येते. १७७२ पासून कलेक्टर वरूनच येतोय आपल्याकडे. जिल्हा परिषद तरी आपली म्हणावी, १९६२ साली झाली तेव्हा लोकांना केवढी आशा होती. आणि २०२२ मध्ये मुदत संपल्यावर कितीतरी जिल्हा परिषदा वर्षानुवर्षं प्रशासकाच्या हाती राहिल्या. साडेआठ लाख माणसांना विचारायला तेव्हा जिल्हा परिषदेत एक निवडून दिलेला सदस्य नव्हता! तेरा हजारांना पाच आहेत. मला हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू.

दीपमाळ

हे मात्र मान्य. शेरीफच्या मतावर ठाम आहे, पण मंडळाबाबत तुमच्याशी सहमत.

गावगाडा

कातळ, जिल्हा परिषदेचं बोललात ते लागलं. प्रशासकाच्या काळात गावातली माणसं आमच्या खिडकीशी येऊन विचारायची, "साहेब, रस्त्याचं कोणाला सांगू?" माझ्याकडे उत्तर नसायचं. मी निवृत्त झालो तेव्हाही नव्हतं. पैशाचा मुद्दा मी मागे घेत नाही, पण त्या प्रश्नाला ब्रिजपोर्टमध्ये उत्तर आहे, हे कबूल करतो. तिथे सभेत कुणीही बोलू शकतं का?

खिंडीपल्याड

हो काका. राज्याचा १९५३ चा खुल्या सभांचा कायदा आहे. नियमित सभेची कार्यक्रमपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते आणि लोकांना बोलायला वेळ द्यावाच लागतो. ताईंनी दारावर पाहिला तो कागद त्यातलाच असणार. मी एकदा रस्ता बंद होता म्हणून ब्रिजपोर्टला अडकलो, तेव्हा वर जाऊन बसलो होतो. एक पशुपालक गृहस्थ कुंपण आणि गुरांच्या वाटेबद्दल बोलत होते. मंडळातल्या एकाने मधेच विचारलं, "ओढ्याच्या अलीकडचं की पलीकडचं?" त्याला ओढा माहीत होता.

पाऊलखुणा

सगळ्यांचे मनापासून आभार. मी इमारतीवरून प्रश्न विचारला आणि तुम्ही मला पाण्यापर्यंत नेलंत. भाडेकरूंच्या सहकारी बाईंची दोन दिवसांची मजुरी आणि कातळदादांच्या वडिलांचं बाड, हे दोन्ही डोक्यातून जात नाहीये. माझं मत आता असं झालंय : कौंटी असावी, मंडळ असावं, आणि कचेरीची खिडकी मात्र एकच नसावी. मॅमथला असावी, ब्रिजपोर्टला असावी, वॉकरच्या बाजूलाही आठवड्यातून एक दिवस कुणी बसावं.

जूनमध्ये सासूबाई येणार आहेत. त्या साताऱ्याकडच्या, दोन वेळा ग्रामपंचायत सदस्य होत्या. त्यांना हा धागा वाचून दाखवला. बोडीपेक्षा त्यांना मंडळाची मंगळवारची सभा बघायची आहे. तिथे कुणी आपला नंबर कधी लागणार हे आधी सांगतं का, की दिवसभर बसावं लागतं, एवढंच त्यांनी विचारलंय. खिंडीपल्याड, सांगाल का?

खिंडीपल्याड

सकाळीच जा, पहिल्या रांगेत बसा. मंगळवार कुठला ते आधी बघा, काही सभा मॅमथला असतात. आणि काकूंना स्वेटर घालायला सांगा, जूनमध्येही सकाळी गारठा असतो. शेजारच्या जुन्या शाळेत संग्रहालय आहे, तीही १८८० चीच. ते चुकवू नका.